सामाईक भिंत

सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला आधी एक जुना वाडा लागे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, दिंडी असलेला मोठा दरवाजा. तो वाडा मूळ कुणाचा हे सांगायला गल्लीत पुष्कळ जण उत्सुक असत, म्हणून मी ते सांगत नाही. आमचं घर त्याच्या पुढे होतं, आणि आमचं घर वाडा नव्हतं. कारकून, मास्तर, दुकानदार अशा माणसांनी पगारातून आणि बायकांच्या दागिन्यांतून बांधलेल्या घरांची ती रांग होती. रस्त्याकडे तोंड अगदी अरुंद, पण आत शिरलं की खोलीमागून खोली, घर संपता संपत नसे. खाली घडीव दगड, वर वीट आणि चुना, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, आणि पुढे रस्त्यावर झुकलेली, ओतीव लोखंडाच्या कठड्याची गॅलरी. दारांवर अर्धगोल चौकट आणि तिच्यात लाल, हिरव्या, पिवळ्या काचा. समोर एका गृहस्थांनी मुंबईला जाऊन आल्यावर गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्यांचं सिमेंटचं घर बांधलं होतं, दर्शनी भागावर उगवत्या सूर्याची किरणंही काढून घेतली होती. गल्ली त्या घराला आगबोट म्हणे. त्या गृहस्थांच्या तोंडावरसुद्धा म्हणे.

आमच्या घराची गंमत अशी की ते अर्धं होतं. माझे आजोबा आणि शेजारच्या नानाकाकांचे वडील एकाच कचेरीत होते. दोघांनी मिळून जागा घेतली आणि तिच्यावर जुळी घरं बांधली, मधे एकच भिंत ठेवून. दोन्हीकडच्या तुळया त्या भिंतीत येऊन टेकलेल्या. आमचा जिना उजवीकडे तर त्यांचा डावीकडे, आमची मोरी इकडे तर त्यांची तिकडे, आरशात पाहावं तसं. स्वयंपाकघरात त्या भिंतीला एक लहानशी खिडकी होती, ताट आडवं जाईल एवढी, दोन्ही बाजूंनी झडपा असलेली. सकाळपासून तिच्यातून वाट्या जात-येत. आमच्याकडची आमटी, त्यांच्याकडचं मेतकूट, कधी थालीपीठ, कधी नुसतंच विरजण. नानाकाका रविवारी मंडईत जात ते दोन पिशव्या घेऊन, आणि दुसरी पिशवी खिडकीत मावत नसे म्हणून गॅलरीतून गॅलरीत येई. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येई. नानाकाकांचा रेडिओ, त्यांचा सकाळचा खोकला, इंदूकाकूंचा खलबत्ता. मी आणि त्यांची मंगल एकाच वयाच्या, एकाच वर्गातल्या. अभ्यासाला बसलो की भिंतीवर टकटक करून एकमेकींना जागं ठेवायचो.

माझे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच धंदा असल्यामुळे असेल, बोलताना एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नसत. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. नानाकाकांचं बुधवार पेठेत पंखे, वायरी, दिव्यांचं दुकान होतं. त्यांचं बोलणं पंख्यासारखंच, बटण दाबलं की सुरू. दोघं त्याच दोन घरांत जन्मलेले, अरे-तुरेतले. संध्याकाळी दोन गॅलऱ्यांत दोन खुर्च्या टाकून बसत आणि मधल्या कठड्यावर तपकिरीची एक डबी असे.

नानाकाकांनी घर पाडायचं ठरवलं ते हौसेनं नव्हे. इंदूकाकूंचे गुडघे गेले होते. आमच्या त्या घरांचे जिने इतके उभे की धरायला वरून दोर सोडलेला असे, आणि संडास मागच्या अंगणात. काकू पावसापाण्यात एकेक पायरी बसून उतरत. मी त्यांना तसं उतरताना कितीदा पाहिलं आहे. वरची पायरी सोडण्याआधी त्या डोळे मिटून घेत. मग एक कंत्राटदार नानाकाकांच्या दुकानात येऊ लागला. बारीक अंगाचा, सफारी घालणारा, फार अदबीचा माणूस. त्याला दोन्ही घरं हवी होती. चार मजली इमारत होईल, दोघांनाही खालचे ब्लॉक मिळतील, आतच संडास, आतच न्हाणी.

"अण्णा, तूही ये यात. इंदूला उंबरासुद्धा ओलांडावा लागणार नाही," नानाकाका म्हणाले.

"मला नाही जमायचं," बाबा म्हणाले. "माझ्या डोक्यावर तीन बिऱ्हाडं राहणार आणि त्याला मी माझं घर म्हणायचं."

"हट्टी आहेस."

"आहे. तू बांध. फक्त भिंत दोघांची आहे, तेवढं लक्षात असू दे."

आईनं नंतर आयुष्यात एकदाच म्हटलं की ह्यांनी तेव्हा हो म्हटलं असतं तर भिंत उभीच राहिली नसती, दोन्ही बाजूंनी रीतसर उतरवली गेली असती.

चैत्रात नानाकाकांनी घर रिकामं केलं आणि नारायण पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पाडणारी माणसं आली. कौलं उतरली, फळ्या उतरल्या, मग तुळया. दिवसभर घणाचे आवाज आणि धूळ. धूळ भातात येई, अंथरुणात येई, पाण्याच्या हंड्यावर तिची साय धरे. आमच्या गच्चीवरून वाकून पाहिलं की त्या भिंतीची दुसरी बाजू दिसे, जी मी जन्मात बाहेरून पाहिली नव्हती. स्वयंपाकघराचा निळा रंग, माजघराचा हिरवा, कॅलेंडर होतं तिथला फिकट चौकोन, आणि तुळया उपसल्यावर राहिलेली काळी भोकं ओळीनं. एखाद्या माणसाला उघडं पाहिल्यासारखं मला झालं आणि मी पुन्हा वाकले नाही. खिडकीच्या झडपेमागे त्यांच्या बाजूनं विटा रचल्या गेल्या. आईनं आमची झडप लावून तिच्यापुढे डब्यांची फळी ठोकून घेतली.

हल्ली त्या गल्लीत रविवारी सकाळी तरुण मुलं घोळक्यानं येतात, जुनं पुणं पाहायला. मी कोथरूडला राहते, पण मागे एकदा दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा पाहिलं. एक मुलगा आमच्या घरासमोर उभा राहून सांगत होता, "हा ट्विन हाऊसचा हाफ पार्ट आहे. दुसरा हाफ डिमॉलिश झाला. रेलिंग बघा, ओरिजिनल आहे, एकदम रेअर." सगळ्यांनी रेलिंगचे फोटो काढले. तो मुलगा चुकीचं काहीच सांगत नव्हता. मी छत्री टेकत पुढे गेले.

आमच्या माजघरात भिंतीला तडा गेला तो आधी केसासारखा होता. छतापासून निघून खाली येत होता. बाबांनी त्याच्यावर कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. थोड्या दिवसांत ती पट्टी मधोमध फाटली. बाबांनी नानाकाकांना बोलावून दाखवलं. कंत्राटदारही आला, बूट काढून आत आला, भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला, "अण्णासाहेब, ही जुनी कामं आहेत. तुमची-आमची नातवंडं म्हातारी होतील तरी ही भिंत हलायची नाही." तरी त्यानं पलीकडून दोन वासे तिरके लावून टेकू दिले. बाबांना जरा बरं वाटलं.

मग पाया खणायला घेतला आणि ते वासे चराच्या वाटेत आले, म्हणून काढले. बाबा संध्याकाळी छापखान्यातून आले, गच्चीवरून त्यांनी पाहिलं, आणि कपडेही न बदलता तसेच नारायण पेठेत गेले. मला बरोबर नेलं, कारण मला मंगलकडून वही आणायची होती. नानाकाका जेवायला बसले होते.

"नाना, टेकू काढलेत. चर भिंतीच्या बुडाशी आलाय. काम थांबव आणि आधी भिंत सावर."

"एक-दोन दिवसांत चर भरतील, अण्णा. मी बोललोय त्याच्याशी."

"एक-दोन दिवस भिंतीनं थांबायला हवं ना."

नानाकाका दिवसभराचे दमलेले होते. ते म्हणाले, "अरे, तू प्रुफं वाचतोस तशी माझी भिंत वाचू नकोस. जिथे तिथे चुकाच दिसतात तुला."

मंगल वाढत होती. तिचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. इंदूकाकू म्हणाल्या, "अहो, काय बोलता," आणि बाबांना ताक घ्या म्हणाल्या. बाबांनी ताक घेतलं नाही. त्यानंतर भिंतीचा विषय त्यांनी नानाकाकांकडे काढला नाही, आणि कंत्राटदाराकडेही नाही.

इंदूकाकूंचं त्या भाड्याच्या खोल्यांत मन रमत नसे. नानाकाका दुकानात, मंगल कॉलेजात. म्हणून दुपारी त्या रिक्षानं आमच्याकडे येत. आईचं आणि त्यांचं पापडांचं काम दर उन्हाळ्यात एकत्रच असे, त्या वर्षीही होतं. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळून गेला होता, सकाळपासून ऊन मात्र कडक होतं. माजघरात चटई अंथरली. काकूंना मांडी घालून बसता येत नसे. त्या पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून बसल्या, मांडीशी पोळपाट ओढून घेतला. त्यांची ती जागा ठरलेलीच होती. आपल्याच भिंतीला पाठ लावून बसणं होतं ते. मी त्या दिवशी कॉलेज बुडवून गच्चीवर धुतलेल्या लुगड्यांवर पापड पसरत होते, आई सूप भरलं की वर आणून देई. त्या खेपेला आई वर आली, सूप माझ्या हातात देऊन तिनं पदरानं मान पुसली, आणि पायाखालची गच्ची एकदा हलली. आवाज नंतर आला. तो कोसळण्याचा आवाज नव्हता. गाडीतून वाळू ओतावी तसा लांबलचक होता. मग जिन्यातून पिवळी धूळ वर आली.

आई मला ढकलून खाली धावली. मी तिच्यामागे. माजघरात उजेड होता. तेवढंच मला आधी कळलं, की जिथे कधी उजेड येत नसे तिथे भगभगीत ऊन पडलं आहे आणि पलीकडच्या चरात उभी असलेली माणसं आमच्या घरातून दिसत आहेत. ती माणसं लगेच आत आली, हातांनी विटा काढू लागली. आईही काढत होती. कुणीतरी तिला धरून बाजूला घेतलं तर तिनं त्याला झटकलं. काकू सापडल्या तेव्हा त्यांच्या हातात लाटणं होतं की नव्हतं यावर नंतर गल्लीत लोक वाद घालत. मी तिथे होते, मला आठवत नाही. मला त्यांचे पाय आठवतात. ते विटांच्या बाहेर होते आणि अगदी स्वच्छ होते.

नानाकाका दुकानातून चालत आले. कुणी स्कूटरवर बसवायला तयार होतं, तरी ते चालत आले. दारात उभे राहून त्यांनी भिंतीच्या जागी असलेलं आभाळ पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. मंगलला आणायला माझे मामा कॉलेजवर गेले. ती आली तेव्हा काकूंना हलवलेलं होतं, म्हणून तिनं त्यांना शेवटचं पाहिलं ते पांढऱ्या चादरीत.

चौकीत बाबांना बोलावलं तेव्हा आई आणि मीही गेलो, कारण आम्हालाही विचारायचं होतं. बाकावर नानाकाका बसले होते, शेजारी मंगल, आणि भिंतीला टेकून तो कंत्राटदार, या वेळीही अदबीनं उभा. अंमलदारानं साधा प्रश्न विचारला. भिंतीला धोका आहे असं तुम्हाला आधी जाणवलं होतं का, कुणाला तसं सांगितलं होतं का. पट्टी चिकटवलेली ती तड्याची भिंत आता ढिगाऱ्यात होती. बाबांनी नानाकाकांकडे पाहिलं. नानाकाका आपल्या हातांकडे पाहत होते. कंत्राटदार बाबांकडे पाहत होता.

"नाही," बाबा म्हणाले. "मला काही दिसलं नव्हतं."

नानाकाकांनी मान वर केली. मंगलनंही. आईला विचारलं तेव्हा ती बाबांकडे एकदा बघून "मला त्यातलं कळत नाही" म्हणाली, आणि मला, वयाकडे पाहून असेल, फारसं विचारलंच नाही. आदल्या दिवशीच्या पावसानं जुनी भिंत भिजून पडली, असं ठरलं. गल्लीनं बाबांचं कौतुक केलं. मित्राला वाचवलं, म्हणाले. बाबा ते ऐकून घेत आणि पुढे जात.

दुसऱ्याच दिवशी मंगल आमच्याकडे आली. आमच्या माजघराला तेव्हा ताडपत्री लावलेली होती, वरच्या तुळयांना खालून वासे दिलेले होते. ती बाबांच्या समोर उभी राहिली, बसली नाही.

"काका, तुम्ही आमच्या घरी येऊन सांगितलं होतंत. मी वाढत होते."

"हो."

"मग तसं का नाही सांगितलंत?"

बाबा म्हणाले, "मंगल, नानाला आत टाकून तुझी आई परत येणार आहे का?"

"आणि त्या माणसाचं काय? वासे त्यानं काढले."

मला वाटतं, चौकीत त्यांना फक्त नानाकाका दिसले होते. नानाकाकांचं नाव वाचवलं की त्या माणसाचंही आपोआप वाचतं, हे त्यांना तिथे सुचलं नसावं, किंवा सुचूनही वेळ नव्हता. मंगल थोडा वेळ थांबली. ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. मग ती गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि कॉलेजात तिनं बाक बदलला.

तेराव्याला बाबा नारायण पेठेत गेले. पानं मांडलेली होती. नानाकाका त्यांना जिन्यापर्यंत घेऊन आले आणि तिथे उभं राहून म्हणाले, "तुम्ही खरं सांगायला हवं होतंत."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी बाबांना तुम्ही म्हटलं. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं ते एवढंच, की नाना मला तुम्ही म्हणाला. बाकीचं मला मामांकडून कळलं, ते मागे उभे होते.

"नाना, अरे, तुला त्यांनी—"

"मला शिक्षा व्हायला हवी होती. ती झाली असती तर मी भोगली असती, संपली असती. आता मी काय करू ते तुम्हीच सांगा. तुम्ही मला मोकळा सोडलात आणि जिच्यासाठी घर बांधत होतो ती नाही."

इमारत वर्षभरात उभी राहिली. त्याच कंत्राटदारानं बांधली. करार झालेला होता आणि नानाकाकांच्यात तो मोडायची ताकद उरली नव्हती. आमच्या बाजूला त्यानं स्वतःहून सिमेंटची नवी भिंत बांधून दिली, सरळ, गुळगुळीत, कान लावला तरी पलीकडचं काही ऐकू येत नसे. नानाकाका आणि मंगल खालच्या मजल्यावर राहायला आले. आत संडास होता, आत न्हाणी होती, उंबरा नव्हता. आमच्या आणि त्यांच्या मधे आता एका भिंतीच्या जागी दोन होत्या. गल्लीत समोरासमोर आलो की नानाकाका "काय अण्णा, बरे आहात ना" म्हणत, आणि बाबा "बरा आहे" म्हणत. बाबांनी गॅलरीत बसणं सोडलं. ते माजघरात खुर्ची घेऊन बसू लागले, नव्या भिंतीकडे तोंड करून, हातात छापखान्याचे कागद. आई ओरडे, की तिथे उजेड नाही, डोळे जातील. ते हलत नसत.

मंगलचं लग्न ठरलं ते आम्हाला गल्लीतून कळलं. नानाकाका अक्षत घेऊन घरोघर फिरले. आगबोटीत गेले, वाड्यातल्या बिऱ्हाडांत गेले. आमच्या दारावरून जाताना त्यांची चाल मंद झाली, हे मी गॅलरीतून पाहिलं. मग ते पुढे गेले.

लग्नाच्या दिवशी आईनं सकाळीच आवरलं, ठेवणीतलं पातळ नेसली. बाबांनी विचारलं, "कुठे?"

"कार्यालयात."

"बोलावणं नाही."

"मला नाही, तुम्हाला नाही. इंदूच्या मुलीचं लग्न आहे," आई म्हणाली आणि निघाली.

दुपारी परत आली तेव्हा बाबा त्याच खुर्चीत होते. मी दारात उभी होते. आई चप्पल काढून पलंगाच्या कडेला बसली, पाणी मागितलं, प्यायली, आणि मग सांगू लागली. ती मागच्या रांगेत उभी राहिली होती. अक्षता टाकल्या. निघतच होती, तर साडी बदलून आलेली मंगल गर्दीतून सरळ तिच्याकडे आली. मुंडावळ्या तशाच होत्या. आईला वाटलं, ही आता जा म्हणणार.

"काकू," मंगल म्हणाली, "आई शेवटी काय बोलत होती?"

आईनं खरं ते सांगितलं. वर पापड घेऊन जायला मी उठले तेव्हा ती म्हणाली, पापडखार जास्त पडलाय, कमल, तुला दरवर्षी सांगून उपयोग नाही. एवढंच. दुसरं काही नाही.

"बरं," मंगल म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही, आई म्हणाली, पण तिनं आईचं मनगट धरलं होतं ते दुखेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाली, "जेवून जा." आई शेवटच्या पंगतीला बसली, आणि पानातलं सगळं संपवून उठली.

बाबांनी कागद मांडीवर ठेवले होते. मग त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का ती?"

"नाही," आई म्हणाली, आणि पातळ बदलायला आत गेली.